पत्त्यांचं काम, हुकांचं काम

बनारसला जायचं ठरलं तेव्हा पुण्यातल्या सहकाऱ्यांनी विचारलं, तिथे आयटी आहे का? तिथे विणकर आहेत, व्यापारी आहेत, लाल कापडात बांधलेल्या हिशेबाच्या वह्या आहेत आणि त्या वह्या मोबाइलवर याव्यात असं वाटणारी व्यापाऱ्यांची नवी पिढी आहे. आमच्यासारख्यांना काम मिळायला एवढं पुरतं. एका जुन्या साडीच्या पेढीसाठी मागावर चाललेल्या मालाची नोंद ठेवणारी प्रणाली बांधायची होती. कोणाला किती रेशीम दिलं, किती जर दिली, कोणती नक्षी कोणत्या मागावर चढली, साडी केव्हा उतरेल. मी टेक्निकल लीड. हाताखाली तिथल्याच इंजिनिअरिंग कॉलेजांतून बाहेर पडलेली मुलं. प्रॉडक्ट ओनर म्हणून पेढीने एक बाई दिल्या होत्या. त्यांना मी पहिल्या आठवड्यापासूनच ताई म्हणू लागलो.

ताई मराठी. ब्रह्माघाट, दुर्गाघाट, पंचगंगा या भागात पेशवाईपासूनची मराठी घरं आहेत. त्या घरांत गणपती बसतो, पुरणपोळी होते, बोलण्यात मात्र हिंदी शिरली आहे. ‘मी त्यांना बोलून ठेवलं आहे’ असं ताई म्हणायच्या आणि वाक्याच्या शेवटी एक ‘न’ लावायच्या. वयाने माझ्यापेक्षा बऱ्याच मोठ्या, त्यामुळे त्या मला अरे-तुरे करीत, मी त्यांना अहो-जाहो. मीटिंगमध्ये आम्ही हिंदीत बोलायचो आणि भांडायचो मराठीत. मुलांना ते कळत नाही असा आमचा समज होता. एक दिवस त्यांतल्या एकाने नवं काम समोर येताच ‘ताई, परवडत नाही’ असं स्वच्छ मराठीत सांगितलं, तेव्हा तो समज गेला.

ताईंची उमेदीची वर्षं पेढीवर साड्यांची खरेदी-विक्री बघण्यात गेलेली. संगणकाचं शिक्षण म्हणाल तर दोन दिवसांचा प्रॉडक्ट ओनरचा कोर्स आणि त्याचं प्रमाणपत्र. या प्रमाणपत्रांबद्दल माझं मत फारसं बरं नाही. दोन दिवसांत माणसाला रंगीत चिठ्ठ्या फळ्यावर चिकटवता येतात, धंदा कळत नाही. ताईंच्या बाबतीत उलटं होतं. धंदा आधीपासून अंगात मुरलेला होता आणि चिठ्ठ्या त्यांनी कधी चिकटवल्याच नाहीत.

आमच्या व्यवसायात प्रॉडक्ट ओनर आणि लीड यांच्या कामाची वाटणी एका ओळीत सांगतात. काय करायचं ते प्रॉडक्ट ओनर ठरवणार, कसं करायचं ते तांत्रिक माणसं. स्क्रम या कार्यपद्धतीच्या ‘स्क्रम गाइड’ नावाच्या पुस्तिकेची २०२० सालची आवृत्ती सांगते की प्रॉडक्ट ओनर ही एकच व्यक्ती असावी, समिती नसावी, आणि तिच्या निर्णयांचा साऱ्या संस्थेने मान ठेवावा. टेक लीड अशी भूमिका त्या पुस्तिकेत कुठेच नाही. म्हणजे पुस्तकाप्रमाणे ताई होत्या आणि मी नव्हतो. प्रत्यक्षात पगार माझा जास्त होता आणि मुलं माझं ऐकत. ही गोष्ट ताईंनाही ठाऊक होती आणि आमच्या प्रत्येक बैठकीला ती न बोलावता हजर असायची.

‘काय’ आणि ‘कसं’ यांच्यामधली रेघ किती पुसट असते ते रेशमाच्या हिशेबाने दाखवलं. पेढीच्या मागण्यांच्या यादीत एक वाक्य होतं: दिलेलं सूत आणि परत आलेल्या साड्या यांचा मेळ बसला पाहिजे. डेटाबेसवाल्याला हे वाक्य फार आवडतं. गेलं तेवढं यायला हवं, कमी आलं की लाल रंग दाखवायचा. ताईंनी फळ्यावरची माझी आकृती बघितली आणि म्हणाल्या, ‘असं केलंस तर सगळी यादीच लाल होईल न.’

त्या मला रंगाऱ्याकडे घेऊन गेल्या. कच्चं रेशीम हातात घेतलं की खरखरीत, ताठ लागतं. त्याच्यावर सेरिसिन नावाचा चिकट थर असतो. रंगवण्याआधी साबणाच्या उकळत्या पाण्यात तो काढून टाकतात तेव्हा कुठे रेशमाला आपण ज्याला रेशमी म्हणतो तो स्पर्श येतो. त्या उकळण्यात जवळजवळ पाव हिस्सा वजन जातं. बंगळुरूकडून आलेलं किलोभर सूत रंगाऱ्याकडून पाऊण किलोच्या आसपास परत येतं आणि कोणी काही चोरलेलं नसतं. सुरतेहून येणारी जर अशी घटत नाही, पण ती महाग, तिचा हिशेब ग्रॅमात. पुढे विणण्याच्या पद्धतीचा फरक आहेच. फेकुआ पद्धतीत नक्षीचा धागा एका काठापासून दुसऱ्या काठापर्यंत फेकतात आणि मागे लोंबणारे धागे नंतर हाताने कापून टाकतात. कढुआत प्रत्येक बूटी वेगळ्या बारक्या तिल्लीने भरतात, मागे काही लोंबत नाही. सारखंच सूत दिलं तरी या दोन साड्यांची घट सारखी येणार नाही.

आता घटीचा रकाना कुठे असावा, रंगाऱ्याच्या टप्प्यावर की विणकराच्या, की दोन्हीकडे वेगवेगळा, हा प्रश्न ‘काय’मधला की ‘कसं’मधला? पुस्तिकेला विचारलं तर उत्तर मिळणार नाही. आम्ही तो रंगाऱ्याच्या ओट्यावर बसून सोडवला आणि त्यात ताईंचा वाटा माझ्याहून मोठा होता. त्या दिवसानंतर फळ्यावरची आकृती ताईंना दाखवल्याशिवाय मुलांच्या हाती द्यायची नाही असं मी ठरवून टाकलं.

याच फेऱ्यांत आम्ही पिलीकोठीच्या एका गल्लीत नक्शाबंदाकडे गेलो. कागदावरची नक्षी मागाला कळेल अशा रूपात मांडणारा तो नक्शाबंद. जॅकार्ड हे मागावर चढवायचं यंत्र यायच्या आधी हे काम दोऱ्यांनी होई. नक्षी दोऱ्यांच्या जाळ्यात बांधायची आणि ते जाळं मागाला जोडायचं. जॅकार्ड आल्यावर चौकटींचा कागद आला आणि छिद्रं पाडलेले पुठ्ठ्याचे पत्ते आले. आता नक्षी बऱ्याच ठिकाणी संगणकावर काढतात, पण मागाच्या डोक्यावर माळेसारखे ओवलेले पत्ते अजून फिरतात. १८०४ सालच्या या फ्रेंच यंत्रातली छिद्रांची युक्ती पुढे चार्ल्स बॅबेजने आपल्या गणनयंत्राच्या आराखड्यात घेतली, म्हणजे आमच्या धंद्याचं मूळ एका अर्थी मागावर आहे. हे मी मुलांना मोठ्या उत्साहाने सांगितलं. मुलं खूश झाली. ताई म्हणाल्या, ‘असेल,’ आणि घड्याळ बघितलं.

खोली लहान होती. भिंतीला टेकवून पत्त्यांचे गठ्ठे, प्रत्येकावर पेन्सिलीने नाव. आमच्या आधी एका गद्दीचा माणूस येऊन बसला होता. गद्दी म्हणजे साडीच्या ठोक व्यापाऱ्याची पेढी, पांढऱ्या चादरी अंथरलेली. त्याने साडीचा तुकडा पुढे केला आणि म्हणाला, बूटी बड़ी चाहिए. नक्शाबंदांनी तुकडा डोळ्यांजवळ नेला, उलटा करून बघितला आणि विचारलं, ‘बड़ी माने? लंबी कि चौड़ी?’

माणूस गप्प. मग नक्शाबंदांनी समजावलं, ‘लंबी चाहिए तो पत्ता बढ़ेगा, पइसा लगेगा, हो जाएगा. चौड़ी चाहिए तो हुक बढ़ेगा. तब करघा खुलेगा.’

आडव्या धाग्याच्या प्रत्येक फेकीला एक पत्ता पुढे सरकतो. नक्षी जेवढी उंच तेवढे पत्ते जास्त, म्हणजे खर्च वाढेल, वेळ वाढेल, पण माग आहे तसाच चालेल. रुंदीची गोष्ट निराळी. जॅकार्ड ४०० हुकांचा असेल तर एका नक्षीच्या रुंदीत तेवढेच उभे धागे स्वतंत्रपणे उचलता येतात. त्यापलीकडे जायचं तर वर आणखी यंत्र चढवा, दोऱ्यांची सगळी बांधणी सोडून नव्याने बांधा, आणि तोवर विणकर रिकामा. गद्दीचा माणूस क्षणभर विचारात पडला, मग म्हणाला, ‘लंबी.’ चहा यायच्या आत विषय मिटला होता. आमच्याकडे ‘मोठी’ या मागणीवर दोन मीटिंगा झाल्या असत्या आणि तिसरीत कोणीतरी रुसलं असतं.

ई-रिक्षात बसल्यावर ताई म्हणाल्या, ‘तूपण मला असंच सांगत जा न. पत्त्यांचं काम आहे का हुकांचं.’

तीच आमची भाषा झाली. नवा अहवाल हवा, पत्ते. विणकराचं नाव हिंदीतूनही आणि उर्दूतूनही शोधता यावं, पत्ते, जरा जास्त. एका विणकराच्या घरी दोन माग आणि त्यांवर दोन वेगवेगळ्या पेढ्यांचा माल, म्हणजे माग हा विणकरापासून वेगळा नोंदवावा लागणार, हे हुकांचं. पत्त्यांच्या कामाला मी दिवस सांगायचो आणि ताई त्या दिवसांवर घासाघीस करायच्या, भाजीवाल्याशी करतात तशी, न लाजता. हुकांच्या कामावर घासाघीस करायची नाही, आधी काय काय उघडावं लागेल ते बघायचं, हे त्यांनी स्वतःहून मानलं.

या भाषेचा गैरफायदाही घेता येतो. लीडला काम टाळायचं असलं की सगळंच हुकांचं होऊन बसतं. आमच्या व्यवसायात अशी माणसं मी पाहिली आहेत. ‘आर्किटेक्चर’ हा शब्द ती पोलिसाच्या शिट्टीसारखा वापरतात. ताईंनी त्यावर उपाय काढला होता. मी हुक म्हटलं की त्या खुर्ची फळ्याकडे वळवत आणि म्हणत, ‘करघा कुठे उघडतो ते दाखव.’ दाखवावं लागायचं, तेही इंग्रजी संज्ञांचा आडोसा न घेता.

सगळ्यात मोठं हुकांचं काम ऑफलाइनचं. बनारसच्या गल्ल्यांत नेटवर्क येतं-जातं. शिवाय २०१५मध्ये इथली माकडं घाटाजवळच्या फायबर केबली कुरतडतात ही बातमी जगभर छापून आली होती. आमच्याही गच्चीवरची केबल त्यांनी सोडली नाही. ताईंचं म्हणणं, गिरस्त्याला गल्लीत उभ्या उभ्या नोंद करता आली पाहिजे, नेटवर्क असो नसो. गिरस्ता म्हणजे गद्दीकडून सूत घेऊन ते विणकरांकडे वाटणारा आणि साड्या गोळा करून आणणारा मधला माणूस. मी सांगितलं, हुक, आणि पुष्कळ. कारण एकाच मागाची नोंद दोन माणसांनी नेटवर्कशिवाय बदलली तर नंतर खरी कोणाची धरायची?

ताईंनी विचारलं, ‘कोणती दोन माणसं?’

मी म्हटलं, कोणतीही दोन.

‘अरे, एका मागावर गिरस्ता एकच असतो. दुसरा त्याला हात लावत नाही. लावला तर गल्लीत भांडण होईल, तुझ्या मोबाइलमध्ये नाही.’

मग महिनाअखेरीस मुनीमजी दुरुस्त्या करतात त्यांचं काय, हे मी पुढे केलं. त्यावर उत्तर तयार होतं. मुनीमजी वहीत खोडत नाहीत, खाली उलटी नोंद टाकतात. मग तीच रीत प्रणालीतही ठेवली. कोणतीही नोंद बदलायची नाही, चुकली तर उलटी टाकायची. माझ्या डोक्यातलं निम्मं काम त्या दुपारी गळून पडलं. आमच्या पुस्तकांत या रचनेला मोठी नावं आहेत आणि तिच्यावर परिषदांत भाषणं होतात. ताईंना ती गद्दीवर बसून माहीत होती. तेव्हापासून ‘कसं’ ही फक्त आमची जहागीर आहे असं कोणी म्हणालं की मला ते ऐकवत नाही.

सेठजींचं प्रकरण वेगळं. पेढीचे मालक, मसनदीला रेलून बसलेले, तोंडात पान. त्यांना ताईंबद्दल मान होता, पण तारीख पुरुषाने सांगावी अशीही त्यांची समजूत असावी. एकदा ताई शेजारीच बसलेल्या असताना त्यांनी मला विचारलं, ‘इंजीनियर साहब, ये कब तक हो जाएगा?’ मी म्हटलं, ताईंशी बोलून सांगतो. सेठजी हसले. ‘यानी तारीख दीदी देंगी?’ मी म्हटलं, ‘जी, दीदीच देंगी.’ ताई काही बोलल्या नाहीत. बाहेर आल्यावर त्यांनी कचोरी खाऊ घातली, एवढंच.

याची दुसरी बाजू अशी की ताई मुलांकडे थेट जायच्या. ‘बेटा, इतना-सा कर दो’ म्हणून. मुलं इथलीच, मोठ्या बाईंना नाही म्हणणं त्यांच्या वळणात बसत नव्हतं. आठवड्याचं ठरलेलं काम मागे पडायचं आणि कोणाच्या तरी पडद्यावर एखादं बटण उगवलेलं असायचं. यावरून मात्र आमचं कडाक्याचं वाजलं, मराठीत. मी म्हटलं, तुमच्या सेठजींनी तुम्हाला वगळून मला विचारलं तर तुम्हाला कसं वाटतं? त्या म्हणाल्या, ते वेगळं. ते वेगळं नव्हतं. दोन-तीन दिवस आम्ही एकमेकांशी कामापुरतं बोललो. मग त्यांनी स्वतःच मुलांना सांगितलं, ‘हम कुछ बोलें तो पहले भइया से पूछ लेना.’ तरी बटणं पूर्णपणे थांबली असं मी म्हणणार नाही.

नव्या गोष्टी द्यायच्या केव्हा आणि जुन्या दुरुस्त करायच्या केव्हा, हा या दोन भूमिकांमधला सनातन वाद. लीडला वाटतं आतली वायरिंग नीट करावी, प्रॉडक्ट ओनरला वाटतं दिसेल असं काहीतरी द्यावं. आम्हाला तो वाद पंचांगाने सोडवून दिला. महाराष्ट्रात डिसेंबर-जानेवारीत लग्नं धडाक्यात लागतात. बनारसला मात्र डिसेंबरच्या मध्याला खरमास लागला की संक्रांतीपर्यंत लगन बंद. मार्चच्या मध्यापासून महिनाभर पुन्हा तेच. चातुर्मासातही मांडव पडत नाहीत. त्या दिवसांत गद्दीवर गिऱ्हाईक तुरळक असतं, चूक झाली तरी बोंब होत नाही. ताई म्हणाल्या, ‘खरमास तुझा, लगन माझं.’ खरमासात त्या एकही नवी मागणी आणायच्या नाहीत, आणि लगनाच्या दिवसांत मी आतलं काही हलवायचं नाही. टेक्निकल डेट, म्हणजे घाईत उरकलेल्या कामाचं साचलेलं कर्ज, फेडायला ठरावीक टक्के वेळ ठेवा असा सल्ला सगळीकडे मिळतो. पाळलेला कुठे पाहिला नव्हता. इथे पाळला गेला, कारण तारखा आमच्यापैकी कोणीच ठरवलेल्या नव्हत्या.

सेठजींना हवी असलेली एक गोष्ट आम्ही दोघांनी मिळून नाकारली. प्रत्येक मागावर आज किती वीत काम झालं ते रोज संध्याकाळी मोबाइलवर दिसावं. ऐकायला साधं. हे पत्त्यांचं काम होतं, आठवड्याभरात झालं असतं. ताईंनी मला नक्खी घाटाजवळच्या एका घरी नेलं. माग खड्ड्यातला, विणकर जमिनीच्या पातळीवर बसतो, पाय खाली पावड्यांवर. ऑगस्टात वरुणा फुगली की या बाजूच्या घरांत पाणी शिरतं आणि सगळ्यात आधी हाच खड्डा भरतो. मी बाहेरच्या खोलीत विणकरभाईंशी बोलत बसलो. ताई आत गेल्या. आत बायका चरख्यावर नऱ्या, म्हणजे धोट्यात बसणाऱ्या धाग्याच्या कांड्या, भरत होत्या. मला ते ऐकू येत होतं, दिसत नव्हतं. दहाएक मिनिटांनी ताई बाहेर आल्या आणि रिक्षात सांगू लागल्या. रोजचा आकडा कोणी खरा देणार नाही. कढुआच्या साडीत काही दिवस पदरावर जातात, तेव्हा बोटभरच काम होतं. तेवढं दिसलं की गिरस्ता टोकतो, म्हणून ते जास्त सांगतील. घरात मोबाइल एकच, तो मुलगा घेऊन जातो. आणि जर किती उरली आहे ते विणकरापेक्षा नरी भरणाऱ्या बाईला नक्की माहीत असतं, तिला कोणी विचारतच नाही.

आकडा कोण भरणार आणि तो खोटा का निघेल, हे दोन मुद्दे घेऊन ताई एकट्या सेठजींकडे गेल्या. मी यायला तयार होतो, त्यांनी नको म्हटलं. परत आल्या तेव्हा रोजच्या आकड्याऐवजी आठवड्याची नोंद ठरली होती, गुरुवारची, कारण शुक्रवारी जुम्याची सुट्टी. सोबत उशिराच्या कारणांची एक यादी: ताना तुटला, सूत आलं नाही, बाढ, आजारपण, घरचं लग्न, मुर्री बंद. मुर्री बंद म्हणजे विणकरांचा संप. यादीत तो शब्द बघून सेठजींनी भुवई उंचावली म्हणे, पण खोडला नाही.

त्या दिवशी मी एक वही सुरू केली. न केलेल्या गोष्टींची. कोणी मागितलं, का केलं नाही, आणि त्यावेळी परिस्थिती काय होती. ताई तिला ‘नाहीची वही’ म्हणायच्या आणि त्यांच्या बाजूची कारणं स्वतःच्या हाताने लिहायच्या, देवनागरीत, ठसठशीत. माझ्या नोंदी टाइप केलेल्या असत आणि त्या कोणी वाचत नसे.

हातमागाच्या रकान्यावर मात्र आमचं एकमत कधीच धड झालं नाही. बनारसी साडीला २००९मध्ये भौगोलिक उपदर्शन मिळालं. वाराणसी, मिर्झापूर, चंदौली, भदोही, जौनपूर आणि आझमगढ एवढ्या जिल्ह्यांतलाच माल त्या नावाने विकता येतो. साडी कुठली हे त्यामुळे नोंदवणं सोपं. ती हातमागाची की पॉवरलूमची हे नोंदवणं अवघड, कारण बाजारात दोन्ही एकाच नावाने फिरतात आणि फरक किमतीत कित्येक पट असतो. सेठजींना प्रत्येक साडीच्या लेबलवर ‘हातमाग’ आपोआप छापून हवं होतं. नसेल तिथे कोणीतरी काढून टाकेल, असं त्यांचं म्हणणं. ताईंचं म्हणणं, रकाना तर हवाच, गिऱ्हाईक तेच विचारतं. मी म्हटलं, आपोआप काही छापलं जाणार नाही. ज्या मागावर साडी विणली त्याचा क्रमांक नोंदीत असेल आणि तो माग हातमाग म्हणून पाहून आलेला असेल, तरच तो शब्द छापू. नसेल तर जागा कोरी.

‘हे ठरवायचं काम माझं आहे,’ ताई म्हणाल्या. बरोबर होतं त्यांचं. लेबलवर काय छापायचं हा शुद्ध ‘काय’मधला प्रश्न, मी त्यात पडायचं कारण नव्हतं. पण ती प्रणाली माझ्या हातची होती आणि तिने खोटं बोलावं हे मला नको होतं. मी तसं सांगितलं. ताई चिडल्या. म्हणाल्या, कोऱ्या जागेने खऱ्या हातमागवाल्याचंच नुकसान होईल, कारण पन्नास गल्ल्यांतले माग पाहून यायला माणूस कोण देणार? यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं, आणि अजूनही नाही. शेवटी त्यांनी माझा नियम मान्य केला, पण वहीत त्यांच्या बाजूची नोंद लांबलचक लिहिली, आणि ती माझ्या नोंदीपेक्षा जास्त पटण्यासारखी होती.

पुढे माझी पुण्याला बदली झाली. माझ्या जागी कानपूरकडचा एक तरुण लीड आला. काही काळाने ताईंचा फोन आला, इकडचं तिकडचं बोलणं झालं आणि सहज त्या म्हणाल्या की मागावरची रोजची प्रगती आता मोबाइलवर दिसते. मला जरा लागलंच. म्हटलं, ताई, ते तर आपण नाकारलं होतं न? (मीही ‘न’ म्हणायला लागलो होतो.)

‘हो, वहीत आहे. त्या पोराने वाचलं आणि मला विचारायला आला. तू लिहिलं होतंस घरात मोबाइल एक आहे आणि तो मुलगा घेऊन जातो. आता घरात दोन-तीन आहेत. पोरी शाळेतून आल्या की मागाचा फोटो काढून टाकतात. आकडा कोणी विचारत नाही, फोटोच. पत्त्यांचं काम निघालं.’

मी विचारलं, आणि हातमागाचा रकाना?

‘तो तसाच कोरा,’ ताई म्हणाल्या. ‘सेठजी दर दिवाळीला विचारतात. त्यांना मी तुझा नंबर देते.’